भूल लांबवायची कशी? – कुत्र्याचा पाय आणि आपला टाइम कॉन्स्टंट



आपल्या मासिकाच्या मराठी विभागात आई, पाऊस, मैत्री आणि व्हायवा या चार विषयांना कधीच तोटा पडत नाही. म्हणून यंदा जरा वेगळा विषय घेतला आहे. कुत्र्याच्या शरीराच्या एका भागापुरती दिलेली भूल जास्त वेळ कशी टिकवायची? ‘हा व्हेटर्नरीवाल्यांचा विषय, इथे कशाला?’ असं म्हणून पान उलटू नका. यात डिफ्यूजन आहे, आरसी सर्किट आहे, नळ आणि टाकी आहे, पॅकेजिंगसुद्धा आहे. सगळ्या ब्रँचना थोडं थोडं मिळेल.

एक गोष्ट आधीच सांगते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे शरीरशास्त्राचे मराठी शब्द मी शब्दकोशापासून मेसच्या काकूंपर्यंत सगळ्यांना विचारून गोळा केले आहेत. जिथे मराठी शब्द फारच जड वाटला तिथे आपण लॅबमध्ये बोलतो तोच शब्द ठेवला आहे. आणि हा लेख समजून घेण्यासाठी आहे, करून बघण्यासाठी नाही. सिरिंज डॉक्टरांच्याच हातात शोभते.

प्रश्न कुठून आला?

आपल्या हॉस्टेलचा कुत्रा सगळ्यांना माहीत आहे. इलेक्ट्रिकलच्या मुलांनी त्याचं नाव ठेवलं ओहम, काकू त्याला ओम्या म्हणतात, तो दोन्ही नावांना शेपटी हलवतो. मागच्या पावसाळ्यात गेटबाहेर टेम्पोची धडक बसून त्याच्या मागच्या डाव्या पायाचं हाड मोडलं. सगळ्या मजल्यांवर वर्गणी काढली, वॉचमन मामांनी रिक्षा आणली आणि दुसऱ्या दिवशी पायात प्लेट बसली.

ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरांनी पूर्ण भुलेबरोबर त्याच्या पायाच्या मज्जातंतूंजवळही एक इंजेक्शन दिलं होतं. संध्याकाळी ओहम इतका शांत होता की पार्ले बिस्किटाचा अर्धा पुडा त्याने संपवला. डॉक्टरांनी बजावलं होतं, “भूल उतरली की त्याला कळेल. लिहून दिलेलं औषध त्याआधीच द्या.” औषध वेळेवर दिलं, तरी रात्री अकरानंतर तो बारीक आवाजात कण्हायला लागला. ती रात्र आम्ही पाळीपाळीने त्याच्याजवळ बसून काढली.

ड्रेसिंगच्या वेळी मी डॉक्टरांना विचारलं, “डॉक्टर, त्या इंजेक्शनचा डोस दुप्पट केला असता तर रात्रभर टिकलं नसतं का?”

ते हसले. म्हणाले, “अगं, तसं असतं तर आम्ही कशाला थांबलो असतो? डोस दुप्पट केला की धोका दुप्पट होतो, वेळ काही दुप्पट होत नाही.”

ओहम आता तीन जिने सहज चढतो. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. डोस दुप्पट आणि वेळ दुप्पट का नाही? लायब्ररीत बसले, वाचलं आणि लक्षात आलं की याचं उत्तर आपण दुसऱ्या सेमिस्टरलाच शिकलो आहोत.

विभागीय भूल म्हणजे काय?

पूर्ण भुलेत मेंदू झोपतो. पण पायातून निघालेला वेदनेचा सिग्नल मज्जातंतूंमधून मज्जारज्जूपर्यंत जातच असतो. म्हणजे कंट्रोल रूममधला माणूस झोपलाय, पण अलार्मच्या वायरमधून करंट चालूच आहे. माणूस जागा झाला की सगळे अलार्म एकदम ऐकू येतात. शिवाय इतका वेळ सिग्नलचा मारा झाल्यामुळे मज्जारज्जू जास्त संवेदनशील होतो, आणि नंतरचं दुखणंही वाढतं.

विभागीय भुलेत आपण मधली वायरच काही काळ बंद करतो. कुत्र्याच्या मागच्या पायासाठी सायाटिक आणि फेमोरल हे दोन मज्जातंतू, पुढच्या पायासाठी काखेजवळचं ब्रेकियल प्लेक्सस नावाचं जंक्शन, दातांसाठी जबड्यातले मज्जातंतू, आणि दोन्ही मागच्या पायांसाठी कण्यातली एपिड्युरल. याचा आणखी फायदा म्हणजे पूर्ण भुलेचा गॅस कमी लागतो, म्हणजे रक्तदाब आणि श्वासही चांगला राहतो.

मज्जातंतू शोधायला आपल्या ओळखीचं उपकरण वापरतात: नर्व्ह स्टिम्युलेटर. सुईच्या टोकातून साधारण १ मिलिअँपिअरचे छोटे पल्स देतात. सुई जवळ गेली की पंजा हलतो. मग करंट कमी करत जातात. ०.४ ते ०.५ मिलिअँपिअरलाही पंजा हलत असेल तर सुई योग्य जागी आहे. ०.२ च्या खालीही हलत असेल तर सुई थेट मज्जातंतूत घुसली असण्याची भीती, म्हणून ती थोडी मागे घेतात. हल्ली त्याच्या जोडीला अल्ट्रासाउंडही असतो.

औषध काम कसं करतं?

मज्जातंतूत सिग्नल पुढे सरकतो तो सोडियम आयन आत शिरल्यामुळे. त्यासाठी पेशीच्या भिंतीत सोडियम चॅनेल नावाची दारं असतात. लिग्नोकेन (म्हणजेच लिडोकेन) आणि बुपिव्हाकेन ही औषधं ही दारं बंद करतात. गंमत अशी की ती दार बाहेरून लावत नाहीत. आधी घरात शिरतात आणि आतून कडी घालतात.

घरात शिरायचं तर पेशीची स्निग्ध भिंत ओलांडावी लागते. ते फक्त चार्ज नसलेल्या रेणूंना जमतं. आत गेल्यावर कडी घालायला मात्र चार्ज असलेला रेणू लागतो. म्हणून दोन्ही रूपं हवीत. किती रेणू कोणत्या रूपात असतील ते औषधाच्या पीकेए या आकड्यावर ठरतं. लिग्नोकेनचा पीकेए ७.९ आणि बुपिव्हाकेनचा ८.१. शरीराचा पीएच ७.४ धरून हिशोब केला तर लिग्नोकेनचे सुमारे २४ टक्के आणि बुपिव्हाकेनचे सुमारे १७ टक्के रेणू चार्जशिवाय असतात. त्यामुळे लिग्नोकेनचा असर लवकर सुरू होतो आणि बुपिव्हाकेन वेळ घेतं. सुजलेल्या, पू झालेल्या जागेचा पीएच खाली जातो. तो ६.९ झाला तर लिग्नोकेनचेही जेमतेम ९ टक्के रेणू आत शिरू शकतात. गळवाभोवती दिलेलं इंजेक्शन नीट लागू होत नाही याचं एक कारण हे.

मग असर उतरतो कशामुळे? बरेच जण समजतात की औषध तिथेच ‘संपतं’. तसं नाही. या दोन्ही औषधांचे रेणू मुख्यतः यकृतात मोडले जातात, आणि यकृत पायापासून लांब आहे. पायात घडतं ते इतकंच की आजूबाजूचं रक्त औषध उचलून घेऊन जातं. वायरजवळची कॉन्सन्ट्रेशन एका पातळीखाली गेली की कड्या निघतात आणि सिग्नल पुन्हा सुरू होतो.

आता आपलं गणित

टाकीला खाली भोक असेल तर पाणी कसं कमी होतं? कपॅसिटर रेझिस्टरमधून डिस्चार्ज होताना व्होल्टेज कसं उतरतं? आधी भराभर, मग हळू. मज्जातंतूजवळचं औषधही साधारण तसंच कमी होतं असं धरू. खरं शरीर इतकं साधं नसतं, पण मुद्दा समजायला हे मॉडेल पुरेसं आहे.

समजा, औषध दर २ तासांनी निम्मं होतं आणि वायर बंद ठेवायला किमान २ युनिट लागतात. (हे आकडे फक्त उदाहरणासाठी घेतले आहेत.)

८ युनिट दिली: ८ चे ४, ४ चे २. म्हणजे ४ तास.
१६ युनिट दिली: ६ तास.
३२ युनिट दिली: ८ तास.

डोस दुप्पट केला आणि मिळाले फक्त दोन तास. ४ तासांचे ८ करायला डोस चौपट लागला. याच रस्त्याने २४ तास गाठायचे ठरवलं तर ८,१९२ युनिट लागतील, म्हणजे मूळ डोसच्या १,०२४ पट! कॉम्प्युटरवाल्यांना हे आकडे ओळखीचे वाटतील, कुत्र्याला मात्र ते परवडणार नाहीत.

कारण सूत्रात वेळ ही सुरुवातीच्या डोसच्या लॉगरिदमवर अवलंबून असते, पण टाइम कॉन्स्टंटवर थेट. म्हणून दुसरा रस्ता बघा. डोस तोच ८ युनिट, पण निम्मं व्हायला २ ऐवजी ४ तास लागतील अशी सोय केली. मग ४ तासांचे सरळ ८ तास होतात. औषधाचा एक थेंबही न वाढवता.

या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: टाकी मोठी करून फार उपयोग नाही, भोक लहान करा.

डोस वाढवण्यात धोका कसला?

पायातून उचललेलं औषध रक्तातून मेंदू आणि हृदयाकडेही जातं. सोडियम चॅनेल तिथेही आहेतच. मेंदूत जास्त झालं की झटके येतात, हृदयात जास्त झालं की ठोके बिघडतात. बुपिव्हाकेनचा दोष असा की ते हृदयाच्या चॅनेलमध्ये झटकन शिरतं आणि निघायला खूप वेळ लावतं. त्यामुळे कुत्र्यासाठी साध्या बुपिव्हाकेनची मर्यादा साधारण वजनाच्या दर किलोला २ मिलिग्रॅम अशी धरतात. ओहम २० किलोचा आहे, म्हणजे त्याला जास्तीत जास्त ४० मिलिग्रॅम. ०.५ टक्के द्रावणात एका मिलिलिटरमध्ये ५ मिलिग्रॅम असतात, म्हणजे एकूण ८ मिलिलिटर. शरीरात जितक्या ठिकाणी टोचणार ते सगळं मिळून इतकंच. हा ८ चा आकडा लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

भोक लहान करायचे उपाय

उपाय १ला: रक्ताची वाट अरुंद करा. हा सगळ्यात जुना उपाय, जवळपास स्थानिक भुलेइतकाच जुना. १८८४ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी कोकेनचे थेंब वापरून दाखवले. पुढच्याच वर्षी, १८८५ मध्ये, न्यूयॉर्कचे जेम्स लिओनार्ड कॉर्निंग यांनी लिहिलं की हातापायात कोकेन टोचून वरच्या बाजूने पट्टा आवळला तर बधिरता जास्त वेळ टिकते. रक्त थांबलं की औषधही थांबलं! त्याच वर्षी त्यांनी एका कुत्र्याच्या कण्याजवळ कोकेन टोचलं. काही मिनिटांत कुत्र्याचे मागचे पाय लटपटायला लागले, पुढचे पाय मात्र ठीक होते, आणि काही तासांत तो पूर्ववत झाला. कण्यातल्या भुलेच्या इतिहासाचं पहिलं पान असं एका कुत्र्याचं आहे.

पण पट्टा फार वेळ आवळून ठेवता येत नाही, पायच निकामी होईल. १९०३ मध्ये जर्मन सर्जन हाइनरिश ब्राउन यांनी औषधात अॅड्रेनलिन मिसळायची कल्पना मांडली. अॅड्रेनलिनने तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणजे हा रासायनिक पट्टाच. हल्ली सहसा १ ला २ लाख या प्रमाणात घेतात, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये फक्त ५ मायक्रोग्रॅम. लिग्नोकेन स्वतः रक्तवाहिन्या सैल करतं, त्यामुळे त्याला या मदतीचा फायदा जास्त. बुपिव्हाकेनला कमी, कारण ते मुळातच चिकट आहे. शेपटीचं टोक, बोटं, कान अशा ठिकाणी मात्र डॉक्टर जपून असतात, कारण तिथे रक्त पोचायला दुसरी वाट नसते.

उपाय २रा: चिकट औषध निवडा. लिग्नोकेन स्वीडनमध्ये नील्स लोफग्रेन यांनी १९४३ मध्ये तयार केलं. बुपिव्हाकेनही स्वीडनचंच, १९५७ चं. लिग्नोकेनचा सुमारे ६५ टक्के भाग प्रथिनांना चिकटतो, बुपिव्हाकेनचा सुमारे ९५ टक्के. बुपिव्हाकेन चरबीतही जास्त विरघळतं. म्हणून कुत्र्यात लिग्नोकेन साधारण एक ते दोन तास टिकतं आणि बुपिव्हाकेन चार ते सहा तास. रोपिव्हाकेन हे त्याच घराण्यातलं, हृदयाला जरा सौम्य.

इथे कुणालाही सुचेल की दोन्ही मिसळा, एक लवकर सुरू होईल आणि दुसरं उशिरापर्यंत चालेल. बऱ्याच ठिकाणी असं करतातही. पण अर्धं हे आणि अर्धं ते घातलं की दोघांचीही कॉन्सन्ट्रेशन निम्मी होते. वरचं गणित आठवा: सुरुवात निम्मी झाली की एक हाफ-लाइफ गेला. एकट्या बुपिव्हाकेनपेक्षा मिश्रण लवकर उतरतं. आणि दोघांचे विषारी परिणाम मात्र एकमेकांत मिळतात, तिथे सूट नाही.

उपाय ३रा: जोडीला दुसरं औषध द्या. डेक्समेडेटोमिडिन हे गुंगीचं औषध अगदी थोड्या प्रमाणात बुपिव्हाकेन किंवा रोपिव्हाकेनबरोबर मज्जातंतूजवळ दिलं तर असर लांबतो. मला हा उपाय सगळ्यात आवडला, कारण इथे नळच वेगळा आहे. प्रत्येक सिग्नलनंतर मज्जातंतूला आपल्या मूळ व्होल्टेजवर परत यावं लागतं. त्यासाठी लागणारा एक छोटा करंट हे औषध दाबतं. वायर पुढच्या सिग्नलसाठी रीसेटच होत नाही! कुत्र्यांवरच्या अभ्यासांत असर वाढलेला दिसला आहे, पण किती वाढतो ते औषध, डोस आणि जागा यांवर बदलतं. थोडं औषध रक्तात जातंच, त्यामुळे हृदयाचे ठोके मंदावतात का यावर लक्ष ठेवावं लागतं.

एपिड्युरलमध्ये जोडीदार वेगळा: मॉर्फिन. कुत्र्याच्या कमरेत सात मणके असतात (आपल्याला पाच), आणि शेवटचा मणका व माकडहाडाच्या वरचं हाड यांमधल्या फटीतून सुई जाते. तिथे दिलेलं प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं मॉर्फिन साधारण १२ ते २४ तास वेदना कमी ठेवतं. ते पाण्यात जास्त मिसळणारं औषध आहे, त्यामुळे मज्जारज्जूभोवतीच्या द्रवातून हळूहळू बाहेर पडतं. शिवाय ते सोडियम चॅनेलला हात लावत नाही, म्हणून पाय लुळे न पडता दुखणं कमी होतं. फक्त लघवी तुंबत नाही ना हे बघावं लागतं.

उपाय ४था: टाकी पुन्हा पुन्हा भरा. बारीक भोकं असलेली मऊ नळी जखमेत किंवा मज्जातंतूजवळ ठेवायची आणि ठरावीक वेळाने थोडं थोडं औषध सोडायचं, किंवा पंप लावायचा. आपल्या भाषेत कंट्रोल्ड इनपुट. तत्त्व सरळ आहे, अडचण कुत्र्याची आहे. माणसाला सांगता येतं, ‘नळीला हात लावू नका.’ कुत्रा ती नळी चावून काढतो. गळ्यात प्लॅस्टिकची कॉलर घालावी लागते, जंतुसंसर्गाची काळजी घ्यावी लागते, आणि दवाखान्यात कुणीतरी रात्रभर लागतं.

उपाय ५वा: औषध पुडीत बांधा. १९६० च्या दशकात केंब्रिजजवळच्या बाब्राहम इथल्या प्राणी-शरीरक्रियाशास्त्राच्या संस्थेत अॅलेक बँगहॅम यांनी दाखवून दिलं की काही स्निग्ध पदार्थ पाण्यात टाकले की आपोआप त्यांचे पोकळ फुगे बनतात. हेच लायपोसोम. पुढे अशा असंख्य फुग्यांचा एकत्र गुच्छ बनवून त्यांच्या पोटात बुपिव्हाकेन भरायचं तंत्र निघालं. फुगे एकदम फुटत नाहीत, हळूहळू फुटतात आणि थोडं थोडं औषध सोडतात. माणसांसाठी असं औषध अमेरिकेच्या एफडीएने २०११ मध्ये मंजूर केलं. कुत्र्यांसाठी ‘नोसिटा’ या नावाने २०१६ मध्ये मंजूर झालं, गुडघ्याच्या क्रुशिएट लिगामेंटच्या ऑपरेशनसाठी. टाके घालताना ते जखमेच्या प्रत्येक थरात टोचतात. एकाच डोसचा असर ७२ तासांपर्यंत, म्हणजे तीन दिवस!

आता तो ८ चा आकडा. याचा डोस दर किलोला ५.३ मिलिग्रॅम. २० किलोच्या कुत्र्याला १०६ मिलिग्रॅम, आणि एका मिलिलिटरमध्ये १३.३ मिलिग्रॅम असल्यामुळे पुन्हा ८ मिलिलिटरच! सिरिंज तेवढीच भरते, पण आत साध्या बुपिव्हाकेनच्या मर्यादेच्या अडीचपटीहून जास्त औषध आहे. तरी चालतं, कारण हृदयाला एकूण किती दिलं याच्याशी देणंघेणं नाही, एका वेळी रक्तात किती आलं याच्याशी आहे. जिना उतरलो काय आणि गच्चीवरून उडी मारली काय, उंची तीच. फरक वेगाचा.

पुडी मात्र नाजूक. बाटली जोरात हलवायची नाही, फार बारीक सुई वापरायची नाही, आणि त्यात लिग्नोकेन मिसळायचं तर अजिबात नाही. फुगे फुटले की तीन दिवसांचं औषध एका क्षणात मोकळं. शिवाय कुत्र्यासाठीची मंजुरी जखमेत टोचण्यापुरती होती, मज्जातंतूजवळ द्यायची नव्हे.

जास्त वेळ म्हणजे नेहमीच चांगलं का?

नाही. मज्जातंतू बंद असतो तेव्हा वेदनेबरोबर स्पर्श आणि हालचालही जाते. कुत्रा पंजा उलटा टेकवतो, कातडी सोलवटते आणि त्याला पत्ताच नसतो. आपल्याच पायाला मुंग्या आल्यासारखं वाटून तो पाय चावतो. पट्टी फार घट्ट झाली असेल तर दुखून कळायला हवं, तेही कळत नाही. वेदना हा अलार्म आहे, तो बंद केला की कुणीतरी डोळ्यांनी पहारा द्यायला हवा.

पहारा द्यायचीही पद्धत आहे. ग्लासगो विद्यापीठात कुत्र्यांसाठी वेदना मोजायची एक प्रश्नावली तयार झाली. आवाज, जखमेकडे लक्ष, चाल, जखमेजवळ दाबल्यावरची प्रतिक्रिया, वागणं आणि अंगाची ठेवण यांना गुण द्यायचे. २४ पैकी ६ किंवा जास्त गुण झाले तर वेदनाशामक द्यायचा विचार करायचा. जो प्राणी बोलत नाही त्याच्यासाठी हे आपलं मीटर. मीटरशिवाय टाइम कॉन्स्टंट कसा काढणार?

म्हणून चांगले डॉक्टर एकाच उपायावर विसंबत नाहीत. मज्जातंतूची भूल, सूज कमी करणारं औषध आणि गरजेप्रमाणे मॉर्फिनच्या जातीतलं औषध अशी साखळी लावतात, एकाचा असर उतरायच्या आत दुसऱ्याचा सुरू झालेला असावा अशी.

एक देणं

वाचताना एका गोष्टीने मला बराच वेळ थांबवलं. बुपिव्हाकेन चुकून रक्तात जास्त गेलं आणि हृदय थांबलं तर काय करायचं, याला बरीच वर्षं नीट उत्तर नव्हतं. २००३ मध्ये शिकागोच्या गाय वाइनबर्ग यांच्या गटाने बारा कुत्र्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. भूल दिलेल्या कुत्र्यांचं हृदय बुपिव्हाकेनने थांबवलं, मसाज चालू ठेवला, मग सहांना सलाईन दिलं आणि सहांना शिरेतून स्निग्ध द्रावण. सलाईनवाले सहाही गेले. स्निग्ध द्रावणवाले सहाही वाचले. कारण चरबीत विरघळणारं बुपिव्हाकेन हृदय सोडून त्या द्रावणात ओढलं गेलं, असं मुख्य स्पष्टीकरण दिलं जातं. २००६ मध्ये याच उपायाने एका माणसाला वाचवल्याची नोंद प्रसिद्ध झाली. आज हे द्रावण अशा प्रसंगी वापरायचं मान्य औषध आहे, माणसांसाठीही आणि कुत्र्यांसाठीही.

आपल्या घरातल्या कुणाचं गुडघ्याचं किंवा हाताचं ऑपरेशन अशी भूल देऊन होतं, तेव्हा त्या सुरक्षिततेत या बारा कुत्र्यांचा वाटा आहे. असे प्रयोग करावेत की नाही यावर मेसमध्ये जोरदार वाद होऊ शकतो, आणि व्हावा. पण जे कळलं ते कुत्र्यांच्याच जिवावर कळलं. मग त्यातलं निदान रात्रभर नीट झोपण्यापुरतं तरी त्यांच्यापर्यंत पोचायला हवं.

यात आपण हॉस्टेलवाले काय करू शकतो? लायपोसोम आपण बनवणार नाही. पण आपल्या भोवती कुत्री आहेत, त्यांना दवाखान्यात नेणारे आपणच असतो. पुढच्या वेळी कुणी न्याल तेव्हा घरी निघायच्या आधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. ही भूल साधारण किती तास टिकेल? ती उतरायच्या आधी पुढचं औषध किती वाजता आणि किती द्यायचं? आणि पाय कधीपर्यंत परत हलायला लागला नाही तर फोन करायचा? उत्तरं कागदावर लिहून घ्या, रात्रीच्या जागरणाची पाळी त्याप्रमाणे लावा. आणि कितीही कण्हला तरी आपल्या रूममधली आयबुप्रोफेनची गोळी त्याला देऊ नका. ती कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला घातक आहे. बाकी हिशोब डॉक्टर बघतील. घड्याळ मात्र आपल्यालाच बघायचं आहे.

– तृतीय वर्ष, इलेक्ट्रिकल
लेडीज हॉस्टेल, दुसरा मजला